खोक्यावर ‘लॉसलेस’, आत एमपी३: कॅसेट रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: कॅसेट संगणकावर उतरवण्याच्या आपल्या संचातील सॉफ्टवेअर ‘डब्ल्यूएव्ही’च्या नावाखाली एमपी३ दर्जाचे रेकॉर्डिंग देत असल्याबाबत

महोदय,

आपला यूएसबी वायर आणि सॉफ्टवेअरचा संच मी सीताबर्डीतल्या दुकानातून २,४९९ रुपयांना घेतला. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे: ‘डब्ल्यूएव्ही व फ्लॅकमध्ये लॉसलेस रेकॉर्डिंग’. लॉसलेस म्हणजे आवाजाचा कोणताही भाग न गाळता. एवढ्या एका ओळीसाठी मी हा संच निवडला. नुसती एमपी३, म्हणजे आवाजाचा काही भाग गाळून लहान केलेली फाइल, करून देणारे स्वस्त संच त्याच दुकानात होते.

माझे वडील गावच्या गुरुदेव सेवा मंडळात खंजिरी वाजवत. मंडळाच्या भजनांच्या काही कॅसेट आमच्याकडे आहेत, त्यातल्या एकीवर बाबांचा स्वतःचा आवाज आहे. नागपूरचे इतके उन्हाळे कपाटात काढल्यावर टेपची काय अवस्था होते, हे आपल्या व्यवसायातल्या माणसाला सांगायला नको. ती कॅसेट लावली तेव्हा प्लेअरच्या हेडवर तपकिरी भुकटी जमली. एक बाजू कशीबशी पूर्ण वाजली, ती मी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डब्ल्यूएव्ही, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट’ असे निवडून उतरवली. नंतर पुन्हा लावायला गेले तर टेप रोलरमध्ये गुंडाळली आणि चुरगळली. म्हणजे त्या बाजूचे जे काही आता उरले आहे, ते आपल्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या फाइलमध्येच.

आणि ती फाइल खरी डब्ल्यूएव्ही नाही.

खंजिरीवर थाप पडायच्या क्षणभर आधी तिच्यात एक फुसफुस ऐकू येते आणि पितळी चकत्यांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा येतो. कमी बिटरेटच्या (सेकंदाला कमी माहिती साठवणाऱ्या) एमपी३मध्ये अचानक येणाऱ्या, तीक्ष्ण आवाजांचे हेच होते. खंजिरीला त्याचा फटका सर्वांत जास्त बसतो. मग भाच्याने संगणकात पाहिले. रेकॉर्डिंग चालू असताना आपले सॉफ्टवेअर टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये एमपी३ फाइल लिहीत असते आणि ती मिनिटाला साधारण १ एमबीने वाढते, म्हणजे बिटरेट १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट). ‘सेव्ह’ दाबल्यावर तीच उलगडून डब्ल्यूएव्ही केली जाते. स्टिरिओ डब्ल्यूएव्ही मिनिटाला सुमारे १० एमबी असते, आपली फाइलही तेवढीच भरते, त्यामुळे आकार पाहून ग्राहकाला शंका येण्याचे कारण नाही. पण एमपी३ करताना गाळलेला आवाज पुन्हा डब्ल्यूएव्ही केल्याने परत येत नाही. फ्लॅक निवडले तरी प्रकार तोच.

आपल्या ग्राहक सेवेने फोनवर सांगितले, ‘मॅडम, जुन्या कॅसेटचा आवाज असाच येतो.’ हे खरे नाही. घरातली दुसरी, चांगल्या स्थितीतली कॅसेट मी त्याच प्लेअरवरून, आपल्याच वायरने, एकदा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आणि एकदा ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उतरवली. ऑडॅसिटीच्या फाइलच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये (कोणत्या वारंवारितेला किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या चित्रात) टेपची खरखर हळूहळू क्षीण होत २० किलोहर्ट्झपर्यंत दिसते. आपल्या फाइलमध्ये १६ किलोहर्ट्झला सरळ रेघ मारल्यासारखा आवाज संपतो, वर सगळे कोरे. कॅसेट तीच, प्लेअर तोच, वायर तीच. मग दोष सॉफ्टवेअरचाच ठरतो. दोन्ही स्पेक्ट्रोग्राम आणि टेम्प फोल्डरचे चित्र सोबत आहे. आपली वायर चांगली आहे, हेही यातूनच कळले आणि ते मी नमूद करते.

आणखी एक. आवाजाची पातळी आपोआप वरखाली होते आणि ते बंद करायची सोय कुठेच नाही. दोन भजनांच्या मधल्या शांततेत खरखर उसळून वर येते.

पैसे परत मिळावेत, ही माझी पहिली मागणी. दुसरी, सॉफ्टवेअर दुरुस्त होईपर्यंत ‘लॉसलेस’ हा दावा खोक्यावरून आणि जाहिरातीतून काढावा. तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: ज्यांनी हा संच आधीच घेतला आहे त्यांना आपण कळवावे, म्हणजे ज्यांच्या कॅसेट अजून वाजतात त्यांना त्या वेळेत पुन्हा उतरवता येतील. घरोघरी आईवडिलांचे आवाज अशाच टेपवर आहेत. डब्ल्यूएव्ही झाली म्हणून लोक मूळ कॅसेट टाकून देतात.

१५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला स्वतः राहतो तिथे तक्रार दाखल करता येते. आपले कार्यालय दुसऱ्या शहरात असल्याने माझी अडचण होणार नाही.

आपली,
एक ग्राहक
त्रिमूर्तीनगर, नागपूर