दहा फायदे आणि एक डोंगर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतलं ‘डोंगर का चढावा : दहा फायदे’ हे पान वाचता वाचता माझा चहा निवून गेला. पत्र तेव्हाच लिहायला घेतलं होतं, पण रागाच्या भरात लिहू नये असं घरच्यांचं मत पडलं. म्हणून एक दिवस थांबले. राग तसाच आहे, अक्षर मात्र जरा बरं आलंय.

लेखक महाशयांचा अभ्यास दांडगा दिसतो. वजन घटतं, रक्तदाब आटोक्यात राहतो, नेतृत्वगुण वाढतात, संघभावना रुजते, निर्णयक्षमता की काय तीही वाढते. नववा फायदा ‘नव्या ओळखी’ आणि दहावा ‘समाजमाध्यमांसाठी आकर्षक छायाचित्रे’. दहाव्याबद्दल त्यांचे आभार. निदान एक तरी गोष्ट मनापासून लिहिली. पण वजनच घटवायचं असेल तर आमच्या नाशकात गोल्फ क्लबचा ट्रॅक आहे. कड्यावरून पडायची भीती नाही, आणि परतताना मिसळ मिळते.

लेखाची सुरुवात अर्थातच मॅलरी या इंग्रज गिर्यारोहकाच्या त्या जगप्रसिद्ध उत्तराने. एव्हरेस्ट का चढायचं, तर ते तिथे आहे म्हणून. १९२३ साली अमेरिकेत एका वार्ताहराला दिलेलं हे उत्तर लेखकांनी ‘ध्येयपूर्तीचा मंत्र’ म्हणून चौकटीत टाकलंय. मॅलरी त्याच्या पुढच्याच वर्षी एव्हरेस्टवर नाहीसा झाला. त्याचा देह सापडला तो १९९९ मध्ये, आणि तो माथ्यावर पोचला होता की नाही हे आजही कोणाला ठाऊक नाही. ध्येयपूर्तीला दुसरा माणूस मिळाला नाही का? १९९८ साली आपले सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. महाराष्ट्रातले ते पहिले. २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची एव्हरेस्ट मोहीम झाली. अख्ख्या पानात त्यांच्यासाठी एक ओळ नाही. असो. नेपाळने २०२५ मध्ये एव्हरेस्टच्या परवान्याची फी ११ हजारांवरून १५ हजार डॉलर केली आहे. एवढा पैसा मोजणाऱ्याने फायदे मोजले तर एक वेळ समजू शकतं. आमचा सह्याद्री एसटीच्या तिकिटात होतो.

पण माझा मूळ राग लेखापेक्षा शेजारच्या फोटोवर आहे. लोखंडी शिडी, मागे ढग, शिडीवर एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली हसरी माणसं. ते हसू कसं येतं ते मला ठाऊक आहे. मागे भाचीने फारच आग्रह केला म्हणून एका अॅडव्हेंचरवाल्यांबरोबर कळसूबाईला गेले होते. त्यांचं नाव लिहीत नाही. लिहिलं तरी तुम्ही छापणार नाही, कारण त्यांच्यासारख्यांच्याच जाहिराती त्या पानाच्या तळाशी आहेत.

पायथ्याच्या बारी गावात उजाडता उजाडता पोचलो. टी-शर्ट वाटले, गळ्यात ओळखपत्रं अडकवली, आणि एका तरुणाने कर्ण्यातून जाहीर केलं की आज आपण सर्वजण स्वतःवर विजय मिळवणार आहोत. मी त्याला म्हटलं, बाबा, माझं स्वतःशी काही भांडण नाही. तो हसला आणि पुढचं वाक्य म्हणाला. पाठ केलेलं असावं.

शिडीपाशी ही रांग! मी मध्यावर असताना डोक्यावर ड्रोन घोंघावायला लागला आणि वरून हुकूम आला, “मावशी, तीन पायऱ्या खाली उतरा आणि हसत हसत परत वर या. मघाशी फ्रेममध्ये आला नाहीत.” माझ्यामागे माणसंच माणसं, शिडी ओली, वारा साडेसाती लागल्यासारखा मागे लागलेला, आणि मी खाली उतरायचं, कशासाठी तर फ्रेमसाठी! मी उतरले नाही. हसलेही नाही. शेवटी खालून भाची कळवळून म्हणाली, “आत्या, हस ना गं एकदा, लोक खोळंबलेत.” तो फोटो त्यांनी पुढे ग्रुपवर टाकला. त्यात माझ्यावर एक गोल इमोजी चिकटवला आहे, हसणारा.

वर देवळासमोर पदकवाटप. हो, पदक. रिबिनीसकट. देवीला हात जोडायचे तर पदकांच्या खोक्याला वळसा घालून जावं लागत होतं. मी म्हटलं, मला नको. त्या मुलाची पंचाईत झाली. यादीत सही घ्यायची होती आणि ‘नाकारले’ असा रकाना त्याच्या वरिष्ठांनी आखलाच नव्हता. माझी सही घेऊन पदक त्याने खिशात घातलं. त्याच्यावर राग नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे त्याच्या. गाडीत बसल्यावर मोबाईलवर निरोप आला, पाच तारे द्या.

आता तुमच्या लेखकांना कोणी विचारलं नसलं तरी मी डोंगरात का जाते ते सांगते.

अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले नाशिककरांना समजावून सांगायला नकोत. कुलंगला दोर लागत नाही, पण चढ जीव काढतो. अलंग-मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या, तेव्हापासून तिथे दोराशिवाय गत नाही. मदनच्या त्या तुटक्या टप्प्याखाली मी उभी होते. दिवाळी नुकतीच उरकलेली, परतीचा पाऊस अजून रेंगाळत होता. त्या दिवसांत घरी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं, मुलाचा सहामाहीचा निकाल लागायचा, ऑफिसात माझ्या बदलीची कुजबुज. पायथ्याच्या आंबेवाडीपासून चढताना अख्ख्या वाटेवर डोक्यात तेच घोळत होतं. कारवीतून चालताना माणूस घरचं सगळं बरोबर घेऊन चालतो. ‘निसर्गाच्या सान्निध्यात चिंता पळतात’ हा तुमचा फायदा क्रमांक चार. माझ्या काही पळाल्या नव्हत्या.

कातळ लागला तेव्हा कमरेला हार्नेस म्हणजे दोर अडकवायचा पट्टा, दोर वर गेलेला, दोराच्या त्या टोकाला आमचा म्होरक्या बिले देत, म्हणजे मी पडलेच तर सावरायला दोर धरून, बसलेला. बाजूला दरी, आणि ती नुसती डोळ्याच्या कोपऱ्यात असली तरी पोटात खड्डा पडतो. उजवा हात खोबणीत घातला तर आत रात्रीच्या पावसाचं पाणी साचलेलं. बोटं बधिर झाली. डावा पाय कुठे ठेवायचा ते दिसेना, कारण पोट कातळाला टेकलेलं आणि मान खाली वळत नव्हती. बुटाच्या टोकाने चाचपडत राहिले. एकदा टोक टेकलं, तिथला मुरूम सुटून खाली गेला आणि त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. वरून म्होरक्या म्हणाला, “घाई नाही. तीन आधार पक्के कर, मग चौथा हलव.” एवढंच. ‘तू करू शकतेस’ नाही, स्वतःवर विजय नाही, टाळ्या नाहीत. दोर त्याने ना ओढला, ना ढिला सोडला.

तो टप्पा चढायला मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. त्या वेळात मी कोणाची सून नव्हते, कोणाची आई नव्हते, कोणत्या शाखेतली क्लार्कही नव्हते. मुलाचा निकाल त्याच दिवशी होता, हे मला संध्याकाळी चूल पेटल्यावर आठवलं. यातून नेतृत्वगुण वाढले का? मुळीच नाही. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं आणि बदली व्हायची ती झालीच, तीही मालेगावला. पण एखाद्या कातळावर बाईमाणसाला दिवसाढवळ्या असं कोणाचंही नसणं मिळतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. घरात ते रात्री सगळे झोपल्यावरही मिळत नाही. तेव्हा विरजण लावायचं राहिलेलं असतं. मी त्या कोणाचंही नसण्यासाठी जाते. याला लेखक ‘मानसिक ताणाचे व्यवस्थापन’ म्हणणार असतील तर खुशाल म्हणोत.

आणि याच म्होरक्याने पुढे एकदा अलंगच्या कातळाखालून आम्हा सगळ्यांना परत फिरवलं. दोर पिशवीतून काढायच्या आधीच. ढग उतरले होते, कातळावर हात ठरत नव्हता. त्याने एकदा वर बघितलं आणि म्हणाला, चला. कोणी हुज्जत घातली नाही. खाली येऊन पिठलं-भाकरी खाल्ली, हसलो-खिदळलो, एसटी धरली. तुमच्या दहा फायद्यांत परत फिरण्याला जागा नाही. पैसे भरून टी-शर्ट घातलेल्या पन्नास-साठ जणांना शिडीखालून परत कोण फिरवणार? पदकं तर आधीच वर गेलेली असतात.

एक चौकट राहिली, ती गुलाबी रंगातली. ‘महिलांनीही न घाबरता हा छंद जोपासावा.’ वा! जपानच्या जुंको ताबेईंनी १९६९ मध्ये बायकांचा गिर्यारोहण क्लब काढला आणि १९७५ मध्ये त्या एव्हरेस्टवर पोचल्या. तिथे पोचलेली पहिली बाई म्हणून जग त्यांना ओळखतं. त्यांना स्वतःला मात्र छत्तिसावी व्यक्ती म्हटलेलं जास्त आवडायचं. आपल्या बचेंद्री पाल पोचल्या १९८४ मध्ये, तेव्हा मी शाळेत होते. इतकी वर्षं उलटल्यावर गुलाबी चौकटीत ‘घाबरू नका’ वाचायला मिळावं, ही आपल्या पुरवणीची प्रगती म्हणायची. मी घाबरते, दर वेळी घाबरते. घाबरून चढते. त्यासाठी वेगळा रंग नको.

आपली नम्र,
एक निवृत्त वाचक, नाशिक
(नाव छापू नये. घरी अलंगला जायचं अजून सांगितलेलं नाही.)

ता. क. : लेखात कळसूबाईची उंची ‘१६४६ फूट’ छापली आहे. नाशिक शहरच समुद्रसपाटीपासून साधारण १९०० फुटांवर आहे. म्हणजे तुमच्या हिशेबाने मी कोपऱ्यावर दूध आणायला जाते तेव्हाही महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्या वर असते. १६४६ मीटर हवं, म्हणजे ५४०० फूट. दुरुस्ती छापणार असाल तर पुरवणीतच छापा. मागच्या वेळी शब्दकोड्याची चूक सातव्या पानावर निविदांच्या खाली छापली होती, ती शोधायला आम्हाला भिंग लागलं.