रीफ्राइड बीन्स दोनदा तळत नाहीत हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'मेक्सिकन रीफ्राइड बीन्स घरच्या घरी' अशी रेसिपी आलीये, ती वाचली आणि राहवलंच नाही म्हणून लिहितेय, एरवी मी काही पत्रबित्र लिहिणाऱ्यातली नाही. त्यात म्हटलंय की आधी राजमा तेलात तळा, मग शिजवा आणि मग परत तळा, कारण नावातच 'री' आहे. वर दोन चमचे केचप. मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही साडेचार वर्षं मेक्सिकोत ग्वादलाहाराला होतो, तिथल्या आमच्या घरमालकीण सेन्योरांनी (सेन्योरा म्हणजे बाई) हे वाचलं असतं तर कपाळावर हातच मारला असता.

तिकडे याला म्हणतात फ्रिहोलेस रेफ्रितोस. आता मेक्सिकोत बोलताना शब्दाच्या आधी 'रे' लावला की नुसता जोर वाढतो, बोनितो म्हणजे छान आणि रेबोनितो म्हणजे लईच छान, तसं रेफ्रितोस म्हणजे मस्त, चांगले परतलेले. इंग्रजीत गेल्यावर त्या 'री'चं 'पुन्हा' झालं आणि घोळ तिथे झाला. बीन्स पाण्यात शिजतात आणि कढईत एकदाच जातात, बास.

खरं तर ही एका दिवसाची रेसिपीच नाहीये. पहिल्या दिवशी मोठ्या मडक्यात वाळलेला घेवडा, म्हणजे हे बीन्स, शिजतो, त्याला फ्रिहोलेस दे ला ओया म्हणतात म्हणजे मडक्यातले बीन्स, ते पातळसर, वाटीत घेऊन, वर कांदा, मिरची, कोथिंबीर टाकून तोर्तियाबरोबर, म्हणजे तिकडच्या पातळ पोळीबरोबर, खायचे. जे उरतं ते दुसऱ्या दिवशी ठेचून चरबीत परततात. म्हणजे आपला फोडणीचा भातच की! आणि पाहुणे अचानक आले की तिकडे चक्क म्हणतात, बीन्समध्ये अजून पाणी ओत. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आईच आठवली, तीही वरणाबद्दल हेच म्हणायची.

सेन्योरा जेवणाच्या टेबलावर अर्धा किलो घेवडा ओतायच्या आणि टीव्हीवर मालिका बघत बघत खडे निवडायच्या, चांगला दाणा बोटाने ओढून मांडीवरच्या पातेल्यात, खडा आणि सुरकुतलेला दाणा बाजूला. मी पण बसायचे, माझं स्पॅनिश निम्मं तिथेच सुधारलं. ग्वादलाहाराकडे पेरुआनो नावाचा फिकट पिवळा घेवडा चालतो, उत्तरेला ठिपक्याठिपक्यांचा पिंतो आणि खाली वाहाका, वेराक्रूस, युकातानकडे काळा. काळ्यात एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला टाकतात, वाहाकात अवोकाडोची भाजलेली पानं सुद्धा. युकातानमध्ये तर शिजलेले बीन्स वाटून गाळून घेतात, एकदम गुळगुळीत. त्यामुळे 'अस्सल' म्हणजे हेच एक असं कोणी सांगायला लागलं तर ऐकू नका, मी सांगतेय ती फक्त एका घरातली पद्धत आहे.

अर्धा किलो बीन्स, अडीच लिटरच्या आसपास पाणी, अर्धा कांदा, दोन-तीन लसूण पाकळ्या, मीठ दाणा मऊ व्हायला लागल्यावर. मडक्यात दोन-अडीच तास, पाणी कमी झालं तर गरमच घालायचं. ग्वादलाहारा पंधराशे मीटर उंचीवर असल्याने पाणी लवकर उकळतं पण बीन्स मात्र उशिरा शिजतात, म्हणून घाईच्या दिवशी सेन्योरा पण कुकर लावायच्या, आपण लाजायचं काही कारण नाही. रात्रभर भिजवून पाच-सहा शिट्ट्या आणि मग दहा मिनिटं बारीक गॅस. दाणा जिभेने टाळूवर दाबला की विरघळला पाहिजे. आणि शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, सगळी चव त्यातच असते.

मग जाड बुडाच्या कढईत तीन-चार मोठे चमचे चरबी किंवा तेल, त्यात कांद्याची जाड चकती टाकून ती पार काळपट तांबूस होऊ द्यायची आणि काढून टाकायची. आता डावभर बीन्स पाण्यासकट टाका, चर्रर्र आवाज आला पाहिजे, आला नाही तर तेल तापलंच नाहीये. तिकडे ठेचायला लाकडी दांड्याचं असतं, मी पावभाजीचा मॅशर वापरते. ठेचायचं, पाणी घालायचं, परत ठेचायचं. थोडे दाणे अर्धवट राहू द्या. मग रटरट करायला लागतं, उडतं पण फार, हाताला चटके बसतात, आणि उलथनं फिरवलं की कढईच्या बुडाला रस्ता दिसतो आणि तो लगेच बुजत नाही तेव्हा गॅस बंद. पिठल्यासारखंच आहे हे, गार झालं की आणखी घट्ट होतं, त्यामुळे थोडं सैल असतानाच उतरवा. जिरं आमच्या सेन्योरांनी यात कधीच घातलं नाही, ते मी अमेरिकेतल्या नणंदेकडे टेक्समेक्स, म्हणजे अमेरिकन वळणाच्या मेक्सिकन, हॉटेलात खाल्लं. वाईट नव्हतं, वेगळं होतं.

चरबी म्हणजे डुकराची, मांतेका. इथे बरेच वाचक म्हणतील नको बाई. पण डुक्कर मेक्सिकोत आलं ते स्पॅनिश लोकांबरोबर, त्यांच्या कोर्तेस नावाच्या सरदाराने १५२१ मध्ये अॅझ्टेक लोकांची राजधानी तेनोचतित्लान घेतली त्या सुमारास, त्याआधी हजारो वर्षं तिथले लोक घेवडा मक्याबरोबर खातच होते की, चरबीशिवाय. आणि आज तिकडेही तेलात करणारी घरं भरपूर आहेत. आपला राजमा सुद्धा मूळचा तिकडचाच, अमेरिका खंडातला.

आता घेवडा कुठला? पिंतोच्या जवळ जाणारा आपल्याकडे कोरेगावचा वाघ्या घेवडा आहे, साताऱ्याकडचा, त्याला भौगोलिक मानांकन पण मिळालंय. पिंतो म्हणजे रंगवलेला, आणि आपल्या घेवड्यावर वाघासारखे पट्टे म्हणून वाघ्या! साल पातळ, पटकन मऊ होतो. इम्पोर्टेड डब्याला कशाला पैसे घालवायचे. फक्त जुना माल घेऊ नका, पुण्यात परत आल्यावर मी पहिल्यांदा केलं तेव्हा दुकानदाराने कुठल्या जमान्यातला राजमा गळ्यात मारला देव जाणे, त्यात मी शहाणीने टोमॅटो आधीच घातला, आंबटात दाणा मऊ होत नाही, बारा शिट्ट्या झाल्या तरी कचकच.

उरलं तर पाव मधोमध उघडून त्यावर बीन्स थापायचे, वर चीज, ओव्हनमध्ये किंवा तव्यावर झाकण ठेवून चीज वितळू द्यायचं आणि वर कांदा-टोमॅटो-मिरची. याला मोयेतेस म्हणतात, लादीपावाचे पण झकास होतात, मुलं डब्याला नेतात.

आणि हो, मुख्य राहिलंच. त्या रेसिपीत शेवटी टीप आहे की वेळ नसेल तर भिजवलेला राजमा कच्चाच इलेक्ट्रिक स्लो कुकरमध्ये आठ तास ठेवून द्या. हे खरंच धोक्याचं आहे. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते जायला कमीत कमी दहा मिनिटं खळखळून उकळावं लागतं आणि स्लो कुकर तेवढा तापतच नाही, मग उलट्या-जुलाब. केचप राहू द्या एक वेळ, पण ही दुरुस्ती येत्या रविवारी चौकट टाकून छापा. जागा कमी असेल तर माझं बाकीचं पत्र कापलंत तरी चालेल.

आपली,
एक जुनी वाचक, कोथरूड, पुणे