पूल कुणाच्या हद्दीत ते नंतर ठरू दे, आधी बांधायला हात द्या

नमस्कार मंडळी,

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, वॉटरलू, ओटावा, इकडे जिथे जिथे आपली मराठी माणसं आहेत त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, आणि जे दर हिवाळ्यात उत्तरेला कॉटेज घेऊन स्नोमोबिल (बर्फावर चालणारी गाडी) चालवायला येतात त्यांनी तर शेवटपर्यंत वाचाच. मी मूळचा तासगावकडचा. गेली अकरा वर्षं टोरांटोच्या उत्तरेला तीन तासांवर एका छोट्या गावात राहतो आणि त्यातली सात वर्षं इथल्या स्नोमोबिल क्लबचा खजिनदार आहे. क्लब म्हणजे साठेक मेंबर, त्यातले खरे कामाला येणारे चौदा-पंधरा, एक शेड, एक जुना ग्रूमर (ट्रेलवरचा बर्फ दाबून सपाट करणारी गाडी) आणि जंगलातनं, शेतांतनं, दोन तळ्यांवरनं जाणारी ९० किलोमीटरची ट्रेल. आम्हाला एक पूल बांधायचाय. पैसे हवेत आणि माणसंही हवीत. किती आणि का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

पूल म्हणजे ओढ्यावरचा ३८ फुटांचा लाकडी पूल. पूर्वीच्या लोकांनी विजेचे दोन जुने खांब आडवे टाकून वर जाड फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यावर इतकी वर्षं निभावलं. दोन वर्षांपूर्वी बर्फ वितळायच्या दिवसांत वरून आलेला बर्फाचा मोठा तुकडा एका बाजूच्या आधाराला धडकला आणि पूल एका अंगाला कलला. मे महिन्यात मी आणि आमचा ग्रूमरवाला खाली उतरून बघायला गेलो. वरून खांब धडधाकट दिसत होता, मी सहज स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून दाबलं तर तो मुठीपर्यंत आत गेला, आणि बाहेर काढला तेव्हा त्याला चहाच्या चोथ्यासारखा ओला काळा भुसा लागलेला. ग्रूमर काही टनांचा असतो हो. आमचा ग्रूमरवाला ७४ वर्षांचा आहे, थर्मास घेऊन रात्रभर एकटा ती गाडी चालवतो, कारण रात्रीच्या थंडीत दाबलेला बर्फ सकाळपर्यंत चांगला घट्ट बसतो. त्याला त्या पुलावरून पाठवायची माझी हिंमत नाही. जानेवारीत आम्ही दोन्ही टोकांना नारिंगी अडथळे लावून पूल बंद केला, तो अजून बंद आहे.

मग दुरुस्त का नाही केला? हा ओढा म्हणजे दोन विभागीय संघटनांची शीव आहे.

ज्यांना इथली रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओंटारियोत १९६७ पासून सगळ्या क्लबांचं मिळून एक प्रांतिक फेडरेशन आहे, ओएफएससी म्हणतात, जवळपास ३०,००० किलोमीटर ट्रेलचं जाळं त्यांच्या छत्राखाली येतं. त्या ट्रेलवर गाडी घालायची तर परमिट लागतं. फेडरेशन आणि क्लब यांच्या मधे विभागीय संघटना. कुठल्या ट्रेलला किती तास ग्रूमिंग, कुठला खर्च आधी, हे बरंचसं या मधल्या पातळीवर ठरतं. चांगली संघटना क्लबाला मोठा आधार असते, मी ते अनुभवलंय. ग्रूमर चालवणाऱ्यांचं ट्रेनिंग, पाट्यांची एकगठ्ठा खरेदी, नकाशे, इन्शुरन्सचे कागद, जमीनमालकाशी काही बिनसलं तर मधे पडायला कुणीतरी. पंधरा माणसांच्या क्लबाला हे सगळं एकट्याने झेपत नाही.

आमच्या नशिबी दोन संघटना आल्या आणि दोघींचं एकमेकींशी पटत नाही. कागदावर आम्ही दक्षिणेकडच्या संघटनेत, पण ट्रेलचा तिसरा हिस्सा ओढ्यापलीकडे उत्तरेकडच्यांच्या भागात. दक्षिणवाले म्हणतात पुलाचं पलीकडचं टोक खचलंय तर खर्च पलीकडच्यांनी करावा, उत्तरवाले म्हणतात पूल तुमच्या क्लबाने बांधलाय तर तुम्हीच बघा. दोघांनीही आम्हाला लेखी दिलंय की दुसरी बाजू निम्मे देत असेल तर आम्हीही निम्मे देऊ. असं हे दोन वर्षं भिजत पडलेलं घोंगडं आहे. मागच्या सप्टेंबरात लीजन हॉलमधे, म्हणजे माजी सैनिकांच्या हॉलमधे, तीन तास मीटिंग झाली, टेबलावर नकाशा पसरला, एकाने पिवळ्या आणि एकाने गुलाबी हायलायटरने आपापली हद्द रंगवली आणि ओढ्याची निळी रेघ दोन्ही रंगांच्या मधे तशीच कोरी राहिली. मला आमच्या गावाकडचा शिवेवरचा रस्ता आठवला. दोन ग्रामपंचायतींच्या मधे होता, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, शाळेची पोरं चपला हातात घेऊन जायची आणि दोन्हीकडचे सरपंच एकमेकांकडे बोट दाखवायचे.

हे भांडण नुसतं पुलापुरतंही नाही. दोघांचेही ग्रूमर ओढ्याच्या अलीकडे पलीकडे आपापल्या टोकाला वळतात आणि मधला दोन-अडीचशे मीटरचा पट्टा तसाच खडबडीत राहतो. फेब्रुवारीत दोघांचाही पोकर रन एकाच शनिवारी असतो. पोकर रन म्हणजे ठरलेल्या पाच थांब्यांवर एकेक पत्ता उचलायचा आणि शेवटी ज्याचा हात भारी त्याला बक्षीस, त्यातून निधी जमतो. आता माणसं तेवढीच, गावं तीच, निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे गेले की दोन्हीकडे फजिती. वर आम्हाला निरोप येतात की आमच्यात या, आम्ही जास्त तास देतो. गेलो तर जुने रुसणार, नाही गेलो तर नवे पलीकडच्या ट्रेलवर आमच्या पाट्या लावू देत नाहीत.

त्यांना वाईट म्हणायला मी हे लिहीत नाहीये, खरंच नाही. दोन्हीकडे आमच्यासारखीच नोकरीधंदा सांभाळून काम करणारी माणसं आहेत. २०२३-२४ चा हिवाळा कॅनडात नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सगळ्यात उबदार हिवाळा होता, आमच्याकडे तेव्हा ट्रेल जेमतेम काही दिवस उघडली. ट्रेलच उघडणार नसेल तर परमिट कोण घेणार, परमिट कमी म्हणजे वाटायला पैसा कमी, आणि पैसा कमी झाला की माणूस आपल्या कुंपणाच्या आतलंच बघायला लागतो. मला हे कळतं. पण त्यात भरडला जातो तो क्लब.

आणि नुसता क्लबच नाही. मागच्या फेब्रुवारीत रात्री आठच्या सुमाराला ओढ्यापलीकडे एक विशीतला पोरगा झाडाला धडकला, मांडीचं हाड मोडलं. पूल चालू असता तर फायर हॉलपासून, म्हणजे अग्निशमन केंद्रापासून, तो चार किलोमीटरवर होता. पूल बंद, तळ्यावरच्या बर्फाचा भरवसा नाही, मग रेस्क्यूची स्लेड मागून २२ किलोमीटर फिरून गेली. सव्वा तास लागला. उणे २४ होतं. त्याच्या मित्रांनी आपली जॅकेटं काढून त्याच्या अंगावर घातली होती आणि स्वतः इंजिनं चालू ठेवून त्यांच्या ऊबेला बसले होते, मी पोचलो तेव्हा एकाचे दात इतके वाजत होते की त्याला धड नाव सांगता येईना. पोरगा वाचला, आता चालतो. नंतर दोन्ही संघटनांच्या मेल आल्या, अपघात कुणाच्या हद्दीत धरायचा म्हणून. पुलाबद्दल दोन्हीत काही नव्हतं. त्या रात्रीनंतर आमच्या क्लबाने ठरवलं की आता कुणाची वाट बघायची नाही, आपणच बांधायचा.

ही गाडी नुसती मौजेची आहे असं वाटणाऱ्यांना एक सांगतो. क्वीबेकमधल्या व्हॅलकूर गावच्या जोसेफ-आर्मांद बोंबार्डिए या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात गेला, रस्ते बर्फाने बंद होते आणि हॉस्पिटलपर्यंत न्यायला काही साधन नव्हतं. त्या माणसाने बर्फावर चालणाऱ्या गाडीचा ध्यास सोडला नाही, १९३७ मधे पट्ट्याच्या यंत्रणेचं पेटंट मिळवलं आणि १९५९ मधे स्की-डू बाजारात आणली. आमच्या शेडमधे त्या कंपनीची एक जुनी पिवळी गाडी आहे, ती बघितली की मला प्रत्येक वेळी तो मुलगा आठवतो.

आता हिशोब. एकूण खर्च २६,००० डॉलर. त्यात दोन लोखंडी बीम ९,८००, इंजिनियरची ड्रॉइंग आणि ओढ्यावर काम करायच्या परवानग्या ४,२००, फळ्या आणि बाकीचं लाकूड ५,५००, पोकलेनचं भाडं ४,०००, खडी, बोल्ट, किरकोळ मिळून २,५००. मजुरी शून्य, कारण ती आपली. नवा पूल एका काठावरून थेट दुसऱ्या काठावर जाईल, मधे पाण्यात काहीच उभं करायचं नाही, म्हणजे पुढच्या वेळी बर्फ आला तरी खालून निघून जाईल. आत्तापर्यंत ११,४०० जमलेत, मेंबरांनी दिले, दोन पॅनकेक ब्रेकफास्ट केले, गावातलं मोटेल चालवणाऱ्या गुजराती कुटुंबाने न मागता चेक आणून दिला, कारण ट्रेल बंद तर त्यांच्या खोल्याही रिकाम्या. राहिले १४,६००.

फूल ना फुलाची पाकळी, जमेल तेवढं द्या. २० डॉलरही चालतील. दहाजणांनी मिळून एका फळीचा खर्च उचलला तरी चालेल. मला मेसेज केलात की क्लबचा ई-ट्रान्सफरचा पत्ता पाठवतो, चेक द्यायचा तर क्लबच्याच नावाने लिहा, माझ्या नावाने अजिबात नको. खात्यातून पैसे काढायला दोन सह्या लागतात. एक आधीच स्पष्ट सांगतो, आमचा क्लब ना-नफा आहे पण रजिस्टर्ड चॅरिटी नाही, त्यामुळे साधी पावती मिळेल, टॅक्सची रिसीट मिळणार नाही. प्रत्येक बिलाचा फोटो देणाऱ्या सगळ्यांना पाठवेन.

पैसे नसतील तर परमिट घेताना एक काम करा, हे फुकट आहे. ऑनलाइन परमिट घेताना क्लब निवडायचा असतो. बरेच लोक तिथे दिसेल त्या नावावर क्लिक करून मोकळे होतात. कृपया ज्या ट्रेलवर तुम्ही खरोखर गाडी चालवता तो क्लब निवडा, आमचाच असं नाही, तुमच्या कॉटेजजवळ जो असेल तो. आणि लवकर घ्या, हिवाळा तोंडावर येईपर्यंत थांबलात तर महाग पडतं. बाकी ठिकाणी हे जास्त नीट बांधून घेतलंय बघा, न्यूयॉर्क राज्यात क्लबचे मेंबर असाल तर स्नोमोबिलचं रजिस्ट्रेशन बरंच स्वस्त पडतं, आणि व्हरमाँटमधे तर राज्याच्या ट्रेलवर जायला आधी कुठल्यातरी स्थानिक क्लबचं मेंबर व्हावंच लागतं. माणूस क्लबशी जोडला गेला की संघटना कितीही भांडल्या तरी क्लब उभा राहतो असं माझं मत आहे, आमच्याकडेही तसं व्हावं म्हणून मी दरवर्षी मीटिंगमधे हा विषय काढतो आणि पुढेही काढत राहणार.

दोन्ही संघटनांमधे आपले ओळखीचे लोक असतील तर त्यांनाही सांगा, पोकर रन एकत्र करा, पहिला पत्ता इकडे उचलू द्या आणि शेवटचा तिकडे, मधे आमचा पूल. पूल झाल्यावर उद्घाटनाला दोघांनाही बोलावणार आहोत, पाटीवर दोघांचीही नावं घालायची आमची तयारी आहे, पैसे दिले नाहीत तरी.

आता माणसं. ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतरचे दोन्ही शनिवार काम आहे, सकाळी आठ ते चार. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा सीझन लागतो, तेव्हा जंगलात जायचं नाही आणि जमीनमालकांनाही ते नको असतं, म्हणून त्याच्या आत उरकायला हवं. ही जमीन त्यांची आहे, ते एक पैसा न घेता आपल्याला जाऊ देतात, तेव्हा कचरा नाही, आरडाओरडा नाही, फाटक उघडलं तर लावून घ्यायचं. पहिल्या शनिवारी जुन्या फळ्या उचकटायच्या आणि ब्रशिंग, म्हणजे ट्रेलवर आलेल्या फांद्या छाटायच्या. दुसऱ्या शनिवारी खडी आणि काठावरचं बांधकाम. बीम पोकलेनने नंतर ठेवू, तेव्हा फक्त अनुभवी माणसं लागतील. स्नोमोबिल कधी पाहिलीही नसेल तरी या, हातोडा धरता येणं पुरे. सोळाच्या वरची मुलंमुली आई-वडिलांबरोबर चालतील.

जाड तळाचे वॉटरप्रूफ बूट, हातमोजे आणि नारिंगी जॅकेट आणा, जॅकेट नसेल तर शेडमधे जास्तीची आहेत. शुक्रवारी रात्रीच येणार असाल तर आमच्याकडे चौघांची झोपायची सोय होईल, बाकीच्यांसाठी मोटेलवाल्यांनी निम्म्या भाड्यात खोल्या देऊ केल्यात, मला बुधवारपर्यंत आकडा कळवा. दुपारचं जेवण क्लबकडून, चिली आणि ब्रेड असेल, आणि माझी बायको म्हणालीय की मराठी माणसं येणार असतील तर ती पिठलं-भाकरी आणि ठेचा करणार आहे, त्यामुळे किती जण येताय ते मेसेजमधे नक्की लिहा.