‘फुकट’ साधनांचा रिचार्ज कोण मारतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका पालकांनी लिहिलं होतं, की शिकवायचं सगळं सामान आता नेटवर फुकट मिळतं, गुरुजींनी फक्त मनावर घ्यायला हवं. मी चाळीसगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या एका शाळेत पदवीधर शिक्षक आहे, गणित-विज्ञान शिकवतो. मनावर घेऊन मला सहा-सात वर्षं झाली. त्यामुळे त्या पत्रातला ‘फुकट’ हा शब्द जरा टोचला.

पण त्यांचं निम्मं म्हणणं खरं आहे, ते आधी सांगतो. जिओजेब्रा नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियात, साल्झबर्गला शिकत असताना प्रबंधासाठी ते सुरू केलं. त्यात त्रिकोण काढायचा, एक शिरोबिंदू माऊसने धरायचा आणि ओढत न्यायचा. कोन डोळ्यांदेखत बदलतात. सातवीला त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश हे मी वर्षानुवर्षं कागदाचे कोपरे फाडून, ते जोडून दाखवत आलो. यंदा पडद्यावर दाखवलं. आकडे सुटसुटीत दिसावेत म्हणून मापं पूर्णांकात ठेवली होती. पोरं बेरजा करत होती, १८०, १८०, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, १८१ उनात!” (म्हणजे १८१ आले.)

मी पाहिलं तर ६०, ६१ आणि ६०. वर्ग हसला. मीही क्षणभर गडबडलो. मग दशांश स्थळ वाढवलं, तर ५९.६, ६०.६ आणि ५९.८ निघाले. बेरीज बरोबर १८०. यंत्राने तिन्ही आकडे वरच्या पूर्णांकाकडे ढकलले होते. तो पूर्ण तास मग आसन्न किमतीवर, म्हणजे आकडा जवळच्या पूर्णांकाला गोल करण्यावर गेला, आणि त्या दिवशी जे शिकवायचं ठरवलं होतं त्यापेक्षा बरं शिकवून झालं. आता ती मुलगी कापसाच्या काट्यावरसुद्धा आकडा कुठे गोल केला ते बघते, असं तिचे वडील सांगत होते. (व्यापाऱ्याला हे कितपत आवडतं ते माहीत नाही.)

दुसरं आवडतं म्हणजे फेट, विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर करून बघायची साइट. अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी २००२ साली हा प्रकल्प उभा केला. त्यांना २००१ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं होतं, त्या पैशातला वाटा त्यांनी यात घातला. पडद्यावर बॅटरी, वायर, बल्ब जोडून विजेचं मंडल (सर्किट) पूर्ण करता येतं. वायर नुसतीच बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावली की बॅटरीतून ज्वाळा निघतात. आठवीची पोरं पहिले दहा मिनिटं फक्त आगच लावतात. लावू द्यावी. नंतर मी खरा सेल आणि खरा टॉर्चचा बल्ब हातात देतो, कारण वायर सोलताना नख दुखतं, बल्ब सैल बसला तर लागत नाही, हे पडदा शिकवत नाही. फेटची सगळ्यात मोठी सोय ही, की प्रत्येक प्रयोगाची एक फाइल एकदा उतरवून घेतली की पुढे नेट लागत नाही. काही प्रयोग मराठीतही आहेत.

आता फुकटची दुसरी बाजू. शाळेत वायफाय नाही. नेट म्हणजे माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट. रोजचा दीड जीबी दुपारच्या सुट्टीपर्यंत संपतो, मग वरचं पॅक मारायचं. रिचार्ज २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाचे बारा नाही, तेरा रिचार्ज. हे गणित मी पोरांनाच घातलं होतं. लाइटबिल शाळेचं. १०० पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला जास्तीत जास्त २५,००० रुपये संयुक्त अनुदान मिळतं. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेला, बाकीच्यात बिल, दुरुस्ती, खडू-कागद, सगळंच. त्यात डेटा कुठे बसवायचा? मार्चनंतर आणखी एक गंमत असते. आपल्याकडच्या उन्हाची गोष्ट खानदेशच्या माणसाला काय सांगायची! पडदा दिसावा म्हणून खिडक्यांना गोणपाटं लावली की पत्र्याखाली भट्टी होते, आणि प्रोजेक्टर आमच्याआधी मान टाकतो.

घरी पाहावं म्हणून लिंक पाठवावी, तर घरात मोबाइल एक. तो वडिलांबरोबर शेतात. वेचणीच्या दिवसांत तर संध्याकाळी मोबाइल घरी येतो तेव्हा पोर झोपलेलं असतं. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, सरकारचं दीक्षा अ‍ॅप २०१७ पासून आहे, त्यातलं बरंच साहित्य उतरवूनही ठेवता येतं. पण कोड स्कॅन करायला आधी मोबाइल हातात यावा लागतो.

फुकटातही जाती आहेत. काही साधनं खरोखर मोकळी असतात. तारांगण दाखवणारं स्टेलॅरियम घ्या, कुणी खातं मागत नाही, नेटशिवाय चालतं, चाळीसगावचं रात्रीचं आकाश भर दुपारी भिंतीवर येतं. काही मात्र बाजारात गुळाचा खडा चाखायला देतात तशी. एका प्रश्नमंजूषेच्या साइटवर मी चार रविवार बसून प्रश्न चढवले. ऐन वर्गात निम्मे गट आत आले आणि बाकीच्यांना ‘पैसे भरा’ अशी पाटी दिसली. फुकटात किती जणांनी खेळायचं याची मर्यादा होती, ती मी वाचली नव्हती. चूक माझीही, पण बाहेर राहिलेल्या पोरांची तोंडं आठवली की अजून राग येतो. आणखी काही साइट मुलांचं नाव, जन्मतारीख, ईमेल मागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलंय आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. आमच्याकडे मात्र हजेरीपटच्या हजेरीपट असल्या साइटवर चढवायचे प्रकार होतात, कारण वरून सांगावा येतो: वापर केल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका. मी वर्गाच्या जागी स्वतःचं एकच खातं वापरतो आणि पोरांना केळी, कापूस, ज्वारी, बाजरी अशी गटांची नावं देतो. केळी गटात जायला भांडणं होतात, तेवढा एक ताप.

आपल्या तालुक्यातच पाटणला एक शिलालेख आहे, शके ११२८ चा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून मठ स्थापला, त्याला स्थानिक राजघराण्याने दिलेल्या दानाची ही नोंद. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्यात बाजारातल्या गिऱ्हाइकांनी काय द्यायचं ते लिहिलंय, आणि तेलाच्या दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला, असंही. आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवायचं तर दिव्याच्या तेलाची सोय आधी दगडावर कोरून ठेवली होती. पाटणादेवीला सहल नेतो तेव्हा मी पोरांना हे आवर्जून सांगतो. तिकडे वायमन यांनी बक्षिसाची रक्कम घातली, इकडे घाणेवाल्यांनी तेल घातलं. आमच्या शाळेत तेल कोण घालतं, ते वर आलंच आहे.

मागणी मोठी नाही. आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत दर महिन्याला आम्ही शिक्षक भेटतोच. तिथे भाषणं एक तास कमी करून, नेटशिवाय चालणारी साधनं प्रत्येक शाळेच्या लॅपटॉपवर भरून द्यावीत. एकाने उतरवलं की सगळ्यांना पेन ड्राइव्हने मिळतं, डेटा एकदाच जळतो. ग्रामपंचायतींनी शाळेचा रिचार्ज आणि लाइटबिल आपल्याकडे घ्यावं. काही गावांत होतंय, बहुतेक गावांत नाही. आणि स्क्रीनशॉट मागणं बंद करावं, त्यापेक्षा कुणीतरी येऊन वर्गात मागे बसावं.

पत्र लिहिणाऱ्या पालकांनाही हेच निमंत्रण आहे. गुरुवारी दुपारी आठवीला मंडल आहे. येताना टॉर्चचे चार सेल आणले तर बरं, आमचे मागच्या वर्षीचे उतरले आहेत.

आपला,
एक पदवीधर शिक्षक
ता. चाळीसगाव, जि. जळगाव