मेस्त्री, तुमच्या हातच्या सांध्यांसाठी आभार

मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

तुमचं आयुष्य होड्यांच्या कामात गेलं आणि आम्ही तुमच्याकडे आलो ते रेडिओवर उडवायच्या मॉडेल विमानाचं लाकूड घेऊन. तुम्ही एकदाही ‘हे माझं काम नव्हे’ म्हणाला नाहीत. विमान आता पुरं झालंय, व्यवस्थित उडतंय, आणि त्यात तुमचा हात कुठे कुठे आहे ते आम्हाला नीट लिहून ठेवायचंय. पत्र जाहीर लिहितोय, कारण वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत कुणी ना कुणी असंच किट मागवून बसलेलं असतं. किटसोबतचा आराखडा कोरड्या हवेतल्या माणसाने काढलेला असतो. खाऱ्या, दमट हवेत त्या लाकडाचं काय होतं हे त्यात लिहिलेलं नसतं. ते तुम्हाला ठाऊक होतं.

वाचणाऱ्यांसाठी आधी विमानाची माहिती. पायपर जे-3 कब, एक चतुर्थांश मापाचं. मूळ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत 35 फूट 3 इंच, म्हणून आमचे 2.69 मीटर. लांबी 1.71 मीटर. पेट्रोल इंजिनासह या मापाच्या कबचं वजन साधारण 7 ते 9 किलो भरतं. एवढं वजन हवेत असताना एक सांधा सुटला तर नुसतं लाकूड वाया जात नाही, खाली उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेततं. म्हणून सांध्यांबद्दल तुम्ही जो आग्रह धरलात तो आम्हाला पटला.

पहिली गोष्ट तुम्ही सांगितलीत ती खोका उघडल्या उघडल्या: “लाकडाक आधी हंयची हवा खाव दे.” लाकूड भोवतालच्या हवेप्रमाणे ओलावा घेतं नि सोडतं. 50 टक्के आर्द्रतेत लाकडातला ओलावा 9 टक्क्यांच्या आसपास राहतो, 85 टक्क्यांत तो 17-18 वर जातो. लांबीत त्याने जवळजवळ फरक पडत नाही, फळी फुगते ती आडवी. दीड-दोन मिलिमीटर जाडीची बाल्सा या हलक्या लाकडाची फळी एका बाजूने जास्त ओलावा प्यायली की पन्हाळीसारखी वळते. मग ती ताणून चिकटवली तर तो ताण पंखात कायमचा राहतो आणि पुढे कधीतरी पंखाला पीळ देतो. तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळ्या फळ्या गठ्ठ्यातून सोडवल्या, मध्ये बारीक पट्ट्या घालून सपाट पाटावर रचल्या, वर वजन ठेवलं आणि दोन आठवडे हात लावला नाही. जोडणीचं काम दिवाळीनंतर सुरू करायचं आणि पाऊस लागायच्या आत कापड चढवून पुरं करायचं, हेही तुमचंच वेळापत्रक. लेझरने कापलेल्या रिबच्या, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांच्या, खाचा जुलैमध्ये घट्ट लागतात आणि त्याच जानेवारीत सैल होतात. पावसाळ्यात खाच कानशीने मोठी करणाऱ्याला हिवाळ्यात फट गोंदाने भरावी लागते.

बाल्सा निवडायचीही तुमची पद्धत कामी आली. किटमधल्या फळ्या सारख्या दिसतात, पण एकाच मापाच्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो. प्रत्येक फळी काट्यावर ठेवून कोपऱ्यात पेन्सिलीने वजन लिहिलं. हलक्या शेपटीला, जड कॅबिनजवळ. जिच्या रेषा लांब, सरळ आणि जी सहज वाकते ती पंखाच्या पुढच्या गोल कडेवर. जिच्यावर माशाच्या खवल्यांसारखे ठिपके दिसतात आणि जी आडवी वाकायला तयार नसते ती रिबसाठी. हे उलटं झालं तर पुढची कड वाकवताना फळी चिरते आणि रिब लवचीक राहते.

आता स्पारचा, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या वर-खाली पट्ट्यांच्या कण्याचा, सांधा. खरं तर हे पत्र त्याच्यासाठीच आहे.

एका बाजूचा पंख सुमारे 1.3 मीटरचा आणि स्प्रूस लाकडाच्या पट्ट्या येतात 1220 मिलिमीटरच्या. म्हणजे जोड टाळताच येत नाही. पट्ट्या टोकाला टोक लावून बाजूने ठिगळ मारायची पद्धत अनेक जण वापरतात. ठिगळ जिथे संपतं तिथे ताकद एकदम बदलते आणि पट्टी नेमकी तिथेच मोडते. तुम्ही होडीच्या फळीचा तिरकस जोड दाखवलात. जाडीच्या बारापट लांबीचा उतार, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीला 72 मिलिमीटर. आठपटीवरही काम भागतं असं तुम्ही म्हणालात, पण उडणाऱ्या वस्तूला बाराच.

आणि हा उतार एकेका पट्टीवर तासायचा नाही. चार पट्ट्या एकावर एक ठेवायच्या, प्रत्येक वरची पट्टी खालचीपेक्षा 72 मिलिमीटर मागे, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. खाली टाकाऊ फळी, बाजूने दोन पट्ट्यांचा आधार, शिकंज्याने घट्ट. मग धारदार रंधा वरून खाली, पायऱ्या मोडून एकच सरळ उतार होईपर्यंत. पट्ट्यांच्या मधल्या फटींच्या रेषा उतारावर आडव्या, समांतर दिसू लागल्या की काम बरोबर. एखादी रेषा तिरकी दिसली तर रंधा एका बाजूला कलतोय. चारही पट्ट्यांचे उतार एकाच झटक्यात सारखे निघतात, म्हणून जोडताना कुठे प्रकाश दिसत नाही.

चिकटवताना इपॉक्सीचे, म्हणजे दोन भाग मिसळून होणाऱ्या गोंदाचे, दोन हात द्यायचे. उतार म्हणजे अर्धवट कापलेलं टोकच, ते इपॉक्सी पिऊन टाकतं. पहिला हात पातळ, नुसत्या इपॉक्सीचा. दहा मिनिटांनी दुसरा, मलमलीतून गाळलेला लाकडाचा भुसा घालून मधाइतका घट्ट केलेला. पहिला हात चुकवला तर सांधा कोरडा राहतो आणि बाहेरून ते कळतही नाही. मग शिकंजा. “शिकंजो धरूक असता, पिळूक नाय.” फेविकॉलला दाब लागतो, इपॉक्सीला लागत नाही. जास्त आवळलं तर सगळं बाहेर पडतं नि आत काहीच उरत नाही. जोड घसरू नये म्हणून दोन्ही टोकांना टाचण्या, खाली प्लॅस्टिकचा कागद.

सोबत त्याच इपॉक्सीने एक जास्तीचा जोड करून दुसऱ्या दिवशी तो हाताने मोडायचा. लाकूड फाटलं तर ठीक. गोंदाच्या रेषेवर सुटला तर सगळे जोड पुन्हा. ही चाचणी प्रत्येकाने करावीच, तिला काही पर्याय नाही.

जोड ठेवायचा कुठे, हेही तुम्ही विचारून घेतलंत. कबच्या पंखाला खालून तिरकी टेकण असते आणि उडताना ती ताणाखाली असते. टेकण जिथे पंखाला मिळते तिथे स्पारवर जोर सर्वांत जास्त. म्हणून सगळे जोड पंखाच्या टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात, आणि वरच्या व खालच्या पट्टीचे जोड एकाच जागी नाहीत, मध्ये निदान दोन रिब सोडून. वरच्या-खालच्या पट्ट्यांमधले बाल्साचे तुकडे रेषा उभ्या ठेवूनच बसवायचे. आडवे बसवले तर दिसायला सारखेच दिसतात, पण पंख वाकला की रेषेवर चिरतात.

गोंदांबद्दल थोडं. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट हवेतल्या ओलाव्यानेच पक्का होतो. त्यामुळे आपल्याकडे तो पुस्तकात दिलेल्या वेळेच्या आधीच पकडतो, सांध्याच्या आत पोचत नाही, वर पांढरी बुरशीसारखी झाक धरतो. रिब जागेवर टाचायला ठीक, ताण असलेल्या सांध्याला नाही. बाटली हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत फ्रिजमध्ये ठेवायची आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, नाहीतर आत दव धरतं. इपॉक्सी वाटीत साठवून ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने तापून लवकर घट्ट होतं, म्हणून तुम्ही ते ताटलीत पसरायला लावलंत. पाच मिनिटांचं इपॉक्सी फक्त किरकोळ कामाला. इंजिन धरणारी फायरवॉल 6 मिलिमीटर प्लायवूडची, ती सावकाश पक्क्या होणाऱ्या इपॉक्सीनेच बसवायची. आतल्या चारही कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या, आणि वरून इपॉक्सीचाच पातळ हात, म्हणजे पेट्रोल लाकडात मुरत नाही. दमट रात्री पक्क्या झालेल्या इपॉक्सीवर तेलकट साय येते. तिच्यावर दुसरा हात धरत नाही. आधी साध्या पाण्याने घासून धुवायची, मग सँडपेपर. उलट केलं तर ती साय घासून आत बसते. हे आम्ही फक्त तुमच्याकडून ऐकलं.

तुमच्या भाच्याचेही आभार मानायचे आहेत. मच्छीमारांची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करणाऱ्या त्या मुलाने 30 सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाची नाडी लगेच ओळखली. सुरुवातीला ऑइलचं प्रमाण 32 ला 1, म्हणजे लिटरला 31 मिलिलिटर. इंजिन मोकळं झाल्यावर 40 ला 1, म्हणजे 25. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत राहिलेलं पेट्रोल आपल्या हवेत लवकर बिघडतं, पाणी तळाला बसतं आणि कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा कडक होतो. पडदा कडक झाला की इंजिन जमिनीवर सुरळीत चालतं आणि नाक वर केलं की अडखळतं, म्हणून लोक पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईच्या मागे लागतात. सुईचा दोष नसतो. उडवून झाल्यावर टाकी रिकामी करायची, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं आणि मगच घरी न्यायचं.

हवेतल्या खारीबद्दल तुम्ही फार कडक होतात आणि ते योग्यच होतं. किटमधले साधे पोलादी स्क्रू बदलून स्टेनलेस लावले. पण स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या पट्टीत नुसता बसवला तर खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम गंजायला लागतं, म्हणून प्रत्येक बोल्टला मरीन ग्रीस. चाकांच्या पोलादी तारेला प्रायमर नि रंग. टेकणीच्या टोकाचे बोल्ट प्रत्येक वेळी विमान जोडताना डोळ्यांजवळ धरून बघायचे. विजेच्या बाजूने खार आणखी वाईट, कारण ती दिसत नाही: तारेच्या आवरणाखाली तांबं काळं पडतं. संशय आला की आवरण सेंटीमीटरभर सोलून बघायचं. काळं असेल तर अख्खी तार बदलायची, नुसतं टोक कापून भागत नाही. विमानातल्या रेडिओ रिसीव्हरला दोन बॅटऱ्या, दोन स्विच. इग्निशनची बॅटरी वेगळी आणि रिसीव्हर तिच्यापासून निदान 30 सेंटिमीटर लांब. सिग्नल तुटला तर इंजिन मंद होईल असं फेलसेफ, आणि ते जमिनीवर ट्रान्समीटर बंद करून तपासलेलं. पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणारे सर्व्हो 8 ते 10 किलो-सेंटिमीटर ताकदीचे, धातूच्या दात्यांचे.

तोल सोपा, पण त्यात चालढकल नको. पंखाची रुंदी सुमारे 400 मिलिमीटर, गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून 100 ते 120 मिलिमीटरच्या मध्ये. पहिल्या उड्डाणाला 100 कडेच. कबचं नाक आखूड असल्यामुळे शेपटीत 10 ग्रॅम वाढले की नाकात 30 च्या आसपास घालावे लागतात. शेपटीला हलकी फळी निवडायचं कारण हेच.

वाऱ्याचं तुम्ही सांगितलंत ते तांडेलाचं शहाणपण. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा मंद नि एकसारखा असतो, उन्हं तापली की खारा वारा सुटतो आणि सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेवर आपटून उसळतो. त्या उसळीत एवढ्या हलक्या मोठ्या पंखाचं विमान उतरवणं अवघड. म्हणून उडवायचं ते दहाच्या आत. सडा सपाट वाटला तरी जांभ्याचे दात चाकाला धरतात, मोठी मऊ चाकं लावावी. ज्या सड्यावर कातळशिल्पं आहेत तिथे गाडीही न्यायची नाही आणि विमानही नाही. जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर विभाग बघायचा. चिपी आणि रत्नागिरीच्या विमानतळांमुळे इथे ते विसरून चालत नाही.

पावसाळ्यात पंख सुटे करून उभ्या कपाटात, दोन ठिकाणी मऊ पट्ट्यांवर टांगलेले, खाली एक लहान बल्ब सतत चालू. भिंतीला टेकवून ठेवलेला पंख ऑगस्टपर्यंत पीळ धरतो. गणपतीनंतर प्रत्येक पंख सपाट पाटावर ठेवून चारही कोपरे मोजायचे. पीळ आलाच असेल तर तो उलटा पिळून धरायचा आणि इस्त्रीने कापड पुन्हा आकसवायचं.

मेस्त्री, आता पुढचं काम. या कबला चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे फ्लोट लावून खाडीतून उडवायचंय. फ्लोटची लांबी विमानाच्या तीन-चतुर्थांशाहून थोडी जास्त, म्हणजे 1.3 मीटर, आणि तळाची पायरी गुरुत्वमध्याच्या किंचित मागे. इतकं आराखड्यात आहे. पण पायरीच्या पुढचा तळ किती व्ही ठेवावा म्हणजे भरतीच्या लहान लाटेत पाणी पंख्यावर उडणार नाही, आणि तळाला 1 मिलिमीटरचं प्लायवूड पुरेल की वर कापड-इपॉक्सी लागेल, हे तुम्हीच सांगू शकाल. कागद सोबत पाठवतोय. लाकूड मात्र तुम्ही बघितल्याशिवाय घेणार नाही.

तुमचे,
मालवण-देवगड भागातले विमानवाले