काका, त्या रविवारांबद्दल

आदरणीय काका,

सा. न.

हे पत्र तुमच्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. पण दुकानात येणारी तरुण पोरं आजही काउंटरला टेकून मोबाईलवर ऑप्शनचे, म्हणजे ठरावीक मुदतीत भाव चढेल की पडेल यावर लावायच्या सौद्यांचे, भाव बघत असतात, म्हणून चारचौघांसमोर लिहितोय.

२०२३ च्या पावसाळ्यात दुकानाच्या भांडवलातले १ लाख ४० हजार मी गुरुवारच्या एक्स्पायऱ्यांमध्ये, म्हणजे त्या दिवशी मुदत संपणाऱ्या ऑप्शनमध्ये, घालवले. घरी सांगायचं धाडस नव्हतं. तुम्ही पंपाचा वॉशर घ्यायला आलात, माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि विचारलंत, "पैशाचं काही आहे का रे?" सगळं ऐकून घेतलंत, रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "समोर कोण बसलंय ते तरी माहीत आहे का तुला?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी सेबीचा, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, अहवाल आला. फ्युचर्स-ऑप्शनच्या मुदतीच्या सौद्यांमध्ये तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. आणि परदेशी संस्थांच्या नफ्यातला जवळजवळ सगळा वाटा आपोआप सौदे करणाऱ्या संगणकी अल्गोरिदमचा. मी बोटाने बटण दाबून त्यांच्याशी झुंजत होतो!

मग तुमच्या ओसरीवरचे रविवार सुरू झाले. पहिल्याच रविवारी तुम्ही एका बिलाच्या पाठीवर मांडलेलं गणित मी जपून ठेवलंय. ५०० कोटींच्या फंडाला एका छोट्या कंपनीत २ टक्के घालायचे, म्हणजे १० कोटी. त्या शेअरची रोजची उलाढाल २० लाखांची. बाजारातला प्रत्येक शेअर त्यानेच उचलला तरी ५० दिवस लागतील, आणि तोवर भाव कुठल्या कुठे गेलेला असेल. "तुझे ३० हजार दोन मिनिटांत आत जातात. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर गल्लीत वळत नाही, सायकल वळते." मात्र अशा शेअरला मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, कधी टाकायची नाही, आपला भाव लावून लिमिट ऑर्डरच टाकायची आणि वाट बघायची, हेही तुम्ही तेव्हाच बजावलंत. टेलिग्रामवरच्या टिप्स छोट्या शेअरांच्या ह्याच गल्लीत फिरतात, हेही.

पण गल्लीतलं दुकान, म्हणजे अशी छोटी कंपनी, चांगलं की वाईट हे ओळखायचं कसं? इथे तुम्ही माझ्यावर खरे उपकार केलेत. वार्षिक अहवाल उघडून तुम्ही मला आधी नफा दाखवलाच नाही. कॅश फ्लोचं, म्हणजे रोकड किती आली-गेली त्याचं, पान काढलंत आणि म्हणालात, "तू उधारीची वही ठेवतोस ना? तेच बघ." नफा दरवर्षी वाढतोय, पण धंद्यातून रोकड येत नाही आणि येणी फुगत चालली आहेत, हे मला लगेच दिसलं. माझ्याकडे असा माल नेणारे दोन ठेकेदार होते! वीस वर्षं गल्ल्यावर बसून जे शिकलो ते शेअरबाजारात उपयोगी पडेल, असं मला कोणीच सांगितलं नव्हतं. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालकांनी, कर्जासाठी किती शेअर गहाण ठेवलेत ते आता मी दर तिमाहीला स्वतः बघतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा पटली. भाव कोसळले की लोक फंडातून पैसे मागतात आणि मॅनेजरला मनात नसताना विकावं लागतं. मार्च २०२० मध्ये परदेशी संस्थांनी ६० हजार कोटींहून जास्त शेअर विकले, तेव्हा तुम्ही थोडे थोडे घेत होतात. मला तिमाहीचा हिशेब कोणी मागत नाही. पण त्यासाठी पैसे दुकानाचे नसावे लागतात. म्हणून तुम्ही आधी वर्षभराच्या खर्चाची ठेव करायला लावलीत आणि मगच पहिला शेअर घेऊ दिलात.

आज माझ्याकडे सहा कंपन्या आहेत. एक चुकली, मी तोटा घेऊन बाहेर पडलो. निम्मे पैसे इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातले सगळे शेअर घेणाऱ्या फंडात, आहेत, तुम्ही सांगितलंत तसे. घरी आता सगळं माहीत आहे, आणि उधारीची पानं माझ्याआधी हीच तपासते.

तुमची निळी वही माझ्याकडेच राहिली आहे. दिवाळीनंतर पुण्याला येतोय, ती घेऊन येईन. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
पंपवाला