मनगट धर

कोपरी, ठाणे पूर्व
रविवार, रात्री

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच ठेवला. तू बाबांना म्हणालीस म्हणे, रेंज गेली असेल. रेंज गेली नव्हती. तू म्हणालीस, "आई, लोकलनेच फिरायचं, मुलांना लोकलच बघायचीय," आणि माझा आवाज चढला. विहीणबाई शेजारीच बसलेल्या असतील. त्यांच्या कानावर गेलं असेल तर माझ्या वतीने दोन शब्द बोल त्यांच्याशी. बाबा म्हणाले, आता पुन्हा फोन करू नकोस, लिही. म्हणून हे पत्र. लोकलचं यात काही लिहायचं नाही, असं ठरवून बसलेय.

तुझा तीन दिवसांचा बेत बाबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. कुठे किती वाजता, कुठे जेवायचं, विहीणबाईंच्या गोळ्या कोणत्या पिशवीत, सगळं. बाबा म्हणाले, हिने वॉर्डातल्या ड्यूट्या लावाव्यात तशी मुंबई लावलीय. मला फार बरं वाटलं, मनू. जावईबापू लग्नात ठाण्यापर्यंत आले आणि इथूनच परत गेले. विहीणबाईंनी तर समुद्रच पाहिलेला नाही. एवढ्या माणसांना पहिल्यांदा घेऊन निघायचं म्हणजे सोपं नाही, आणि तू एकटीने सगळं बसवलंस.

फक्त एक चुकलंय. सोमवारी घारापुरी आणि बुधवारी राणीबाग धरलीयस. सोमवारी लेणी बंद असतात आणि बुधवारी राणीबाग बंद असते. दोन्हीकडून दारातून परत यावं लागलं असतं. नुसती अदलाबदल कर. देवगिरी एक्स्प्रेसने सोमवारी सकाळी याल, आंघोळी-नाश्ता उरका, जरा पडा आणि अकरानंतर राणीबागेला निघा. भायखळ्याला उतरलं की पूर्वेला चालत जाण्याजोगं आहे. पेंग्विन 2016 साली आणले, म्हणजे तूही ते पाहिलेले नाहीस. तुझ्या वेळी आपण हत्तीपुढून हललो नव्हतो. पेंग्विनच्या काचेपाशी मुलांची खूप रेटारेटी असते. चिकूचा हात सोडू नकोस. हात म्हणजे बोट नव्हे. मनगट धर. बोट सुटतं.

मंगळवारी सिद्धिविनायक नको. त्या दिवशी रांग फार असते, विहीणबाईंचे गुडघे तेवढं उभं राहू देणार नाहीत. त्यापेक्षा सीएसएमटीला उतरून आधी स्टेशनच नीट बघा. आपण आयुष्यभर त्याच्या आतून धावत गेलो, बाहेर उभं राहून वर कधी बघितलंच नाही. 2004 पासून ते जागतिक वारसा आहे. तुझ्या मोठ्या मुलाने मागच्या आठवड्यात मला फोनवर विचारलं, "आजी, देशातली पहिली गाडी ठाण्यालाच आली होती ना?" मी सांगितलं, हो, 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर, चौदा डबे आणि ओढायला तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. तर म्हणतो, तीन कशाला? मला सांगता येईना. बाबांनी आता मोठं कागद-पेन घेऊन ठेवलंय, आला की त्याला चित्र काढून दाखवणार आहेत.

तिथून हुतात्मा चौक जवळच आहे. मुलांना नुसतं कारंजं दाखवून पुढे नेऊ नकोस. 21 नोव्हेंबर 1955 ला तिथे गोळीबार झाला होता, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं तिथे पडली, हे मोठ्याला कळेल आता. मग म्युझियम. तुला आणि तुझ्या भावाला, अप्पूला, आठवते ती लाल दुमजली बस सप्टेंबर 2023 मध्ये बंद झाली, पण आता विजेवर चालणाऱ्या एसी दुमजली आहेत. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर बघा.

आणि विहीणबाईंना पहिला समुद्र गेटवेचा दाखवू नकोस. तिथे बोटी, फोटोवाले आणि गर्दीच दिसते. मंगळवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्हला ने. कट्ट्यावर बसव, चपला काढू दे आणि थोडा वेळ कोणी बोलू नका. मी लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या बाबांनी मला असंच बसवलं होतं. माझ्या माहेरी विहिरीपेक्षा मोठं पाणी नव्हतं. मी किती वेळ बसले कोण जाणे, शेवटी बाबांनी विचारलं, भूक लागली का?

सूर्य बुडाला की लगेच उठू नका. तेव्हाच सगळी ऑफिसं सुटतात. साडेआठ-नऊ वाजू देत, तिथेच काही खा. मग सीएसएमटीहून ठाणे लोकल घ्या. कल्याण नको, डोंबिवली नको, कसारा तर नकोच. ठाण्याचीच. धीमी असली तरी चालेल, तासभर लागेल, पण ती ठाण्याला संपते. तिच्यात कोणी पुढे जाऊच शकत नाही.

लोकलचं लिहायचं नव्हतं.

तुला मुंब्र्याचं किती आठवतं, मी कधी विचारलं नाही. तू हसत सांगतेस सगळ्यांना, "मी सहा वर्षांची असताना एकटीच मुंब्र्याला फिरून आले." सांग. पण माझ्याकडचं तुला ठाऊक नाही. राणीबागेहूनच येत होतो. अप्पू कडेवर झोपलेला, दुसऱ्या हातात डब्यांची पिशवी, आणि त्याच हाताच्या बोटांना तुझ्या फ्रॉकचे मागचे बंद गुंडाळलेले. निळा फ्रॉक, मीच शिवलेला. बाबा पुरुषांच्या डब्यात. ठाण्याला मी उतरले, चढणाऱ्या बायकांचा लोंढा आला, आणि माझ्या हातात नुसते बंद राहिले. शिवणीतून उसवले होते. मी कच्ची टीप मारली होती, पक्की मारायची राहून गेली होती. गाडी हलली. मी फलाटाच्या टोकापर्यंत धावले, अप्पू रडायला लागला, ते मला नंतर कळलं.

कळव्याला गर्दीत तुला कोणी उतरवू शकलं नाही. मुंब्र्याला एका केळीवाल्या बाईने उतरवलं. आम्ही मागच्या गाडीने पोचलो तेव्हा तू तिच्या उपड्या पाटीवर बसली होतीस, केळं खात. रडली नव्हतीस. मला बघून रागावून म्हणालीस, "आई, तू आधीच का उतरलीस?" मी त्या बाईचं नावसुद्धा विचारलं नाही. हातात पैसे होते ते तिने घेतले नाहीत. पुढे बरेच दिवस मी गाडी मुंब्र्याला थांबली की तिला शोधायची.

आणि 9 जून 2025 ला त्याच मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं समोरच्या गाडीतल्यांना घासून पडली. ती बातमी लागली तेव्हा बाबांनी टीव्ही बंद केला, मी परत लावला.

तर लोकलने फिरा. मुलांना बघायचीच आहे तर बघू देत. मी आडवी येणार नाही. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ सोडून फिरा. कोणी डब्यात राहिलंच, तर राहिलेल्याने पुढच्या स्टेशनला उतरायचं आणि तिथून हलायचं नाही. खाली उतरलेल्यांनी मागून जायचं. हे मोठ्याला दोनदा म्हणून घे. चिकूच्या खिशात तुझा आणि बाबांचा नंबर लिहून चिठ्ठी ठेव. आणि मनगट.

किती बोलतेय बघ. तू रात्रपाळीत साप चावलेली माणसं सांभाळतेस, आख्खा वॉर्ड तुझ्या जिवावर झोपतो, आणि मी तुला मूल धरायला शिकवतेय. रागावू नकोस. ठाण्याची पोर तू, शाळेत असताना मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग करत थेट मशीदपर्यंत एका श्वासात म्हणायचीस. मला ठाऊक आहे तुला सगळं येतं. मला तेव्हा येत नव्हतं, एवढंच.

घारापुरीचं राहिलं. गेटवेहून बोटीला तासभर लागतो. लाइफ जॅकेट देतात ते सगळ्यांनी घाला, उकडतं म्हणून विहीणबाई काढतील, काढू देऊ नकोस. 18 डिसेंबर 2024 ला त्याच वाटेवर बोट बुडाली होती. वर लेण्यांपर्यंत शंभराच्या वर पायऱ्या आहेत, पण डोलीची खुर्ची मिळते. त्या नको म्हणतील, पैसे जातात म्हणून. जावईबापूंना सांग, परस्पर ठरवून टाका. त्रिमूर्तीपुढे त्यांना हात जोडू दे निवांत. माकडांपासून चिकूच्या हातातलं खाणं जपा.

येताना काही आणू नकोस. हुरड्याचं पीठ विहीणबाईंनी काढून ठेवलं असेल तर तेवढं आण, बाबा विचारत होते. अप्पू बुधवारी रात्री जेवायला येईल, त्याला अजून सुट्टी मिळालेली नाही.

चिकूला फ्रॉक शिवलाय. निळाच. बंद लावले नाहीत, मागे बटणं आहेत. माप फोनवर सांगितलंस त्यापेक्षा दोन बोटं जास्त धरलंय, आली की घालून बघू.

तुझी,
आई